फुकट काढलेला फोटो

गंगूला भिंतीशी टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यात झेंडूचा हार घातला, तेव्हा कुठं नीलव्वा बोलली. सकाळपासून तिच्या तोंडून साधा हुंदकाही निघाला नव्हता.

"फोटू काढा," ती नवऱ्याला म्हणाली.

सिद्धाराम उंबऱ्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. घरात भावकीतली माणसं होती, शेजारणी होत्या, विधीला आलेले स्वामी होते. बाळीवेशीतल्या या फोटोवाल्याच्या घरात आता कॅमेरा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लिंगायतांत मेलेल्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, हातात लिंग देऊन, फुलांनी मढवून बसवतात आणि तसंच मातीला नेतात. ज्याच्या घरी चार दाणे जास्त असतात तो त्या बसलेल्या माणसाचा फोटो काढून घेतो आणि भिंतीला लावतो. सोलापुरात हे फोटो काढायला सिद्धाराम जायचा. प्लेगाच्या साथीत तो घरोघर गेला, मानमोडीच्या तापातही गेला, मार्शल लॉच्या दिवसांत लोक दार उघडायला भीत होते तेव्हाही कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर टाकून गेला. फोटो काढायचा, तो तेव्हा काचेवर उमटायचा, आणि मग घरी बसून त्या काचेवर बारीक पेन्सिल चालवून मिटलेले डोळे उघडून द्यायचा. डोळे उघडे नसले तर लोक फोटो घेत नसत. आपलं माणूस भिंतीवरून आपल्याकडं बघतंय असं वाटायला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. आणि ती रास्त होती.

"ऐकलं का?" नीलव्वा म्हणाली. "साऱ्या गावाची मेलेली माणसं काढलीत. माझी एक जित्ती पोर काढाय तुमाला सवड झाली न्हाय. आता मेलेली तरी काढा."

सवड झाली नव्हती हे खरंच होतं. गंगू नऊ वर्षांची होऊन विषमज्वरानं गेली आणि तिचा एकही फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या पोरीचा! दर दिवाळीला ती नवं परकर-पोलकं घालून दुकानात यायची, तळ्याचं चित्र काढलेल्या पडद्यापुढं उभी राहायची. बाप म्हणायचा, आज गिऱ्हाईक आहे, उद्या काढू. घरचीच पोर, कुठं पळून जाते? काच गिऱ्हाइकासाठी असते. सगळे धंदेवाले असेच असतात. शिंप्याचं पोर फाटक्या सदऱ्यात फिरतं आणि शिंप्याला त्यात काही वावगं दिसत नाही.

"कॅमेरा कुठाय आपल्यापाशी?" सिद्धाराम म्हणाला.

"ज्याला इकला त्याच्यापाशी हाय की. जावा."

भावकीतला मल्लप्पा, नात्यानं सिद्धारामचा चुलतभाऊ, हळूच म्हणाला, "वैनी, दिवस मावळायच्या आत न्यायला पायजे."

"मंग लवकर जावा म्हना त्यास्नी," नीलव्वा म्हणाली. "माज्या पोरीचं तोंड ऱ्हायलं पायजे. पुरं तोंड. डोळं हे उघडतील मागनं. पर तोंड पायजे."

सिद्धाराम उठला आणि अनवाणीच नव्या पेठेकडं निघाला.

ज्याला कॅमेरा विकला तो माणूस म्हणजे वेणीमाधव धारूरकर, वकील. वकिली बरी चालायची. वडिलांची जमीन होती. पोटाची काळजी कधी नव्हती आणि म्हणून वेळ भरपूर होता. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सत्काराचा फोटो काढायला सिद्धाराम गेला, तिथं वकिलांनी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालून पाहिलं आणि त्यांना नाद लागला. मग दर रविवारी ते सिद्धारामच्या अंधारखोलीत यायचे. कुठल्या पाण्यात काच किती वेळ बुडवायची, तोंडावर उजेड कसा घ्यायचा, सगळं विचारायचे. सिद्धारामनं सगळं सांगितलं. वकिलाकडून शिकवणीचे पैसे कोण मागतो? उलट एवढा मोठा माणूस आपल्या दुकानात येतो म्हणून त्याची छाती फुगायची. नीलव्वा चहा ठेवायची. वकील खांद्याला खांदा लावून अंधारात तासन्‌तास उभे राहायचे, चहा मात्र घेत नसत. का घेत नाहीत ते कुणी विचारलं नाही.

वकील हुशार होते. हात चांगला होता. खोटं कशाला बोला, दोन-तीन वर्षांत ते सिद्धारामपेक्षा चांगले फोटो काढायला लागले. तळ्यावरची सकाळ, मिलच्या धुराड्यामागं बुडणारा सूर्य, पाटी घेऊन चाललेली बाई. मुंबईच्या प्रदर्शनात त्यांना पदक मिळालं. मग मित्राच्या मुलाची मुंज आली, ती त्यांनी काढली. मग पक्षकाराच्या मुलीचं लग्न. मग डॉक्टरांच्या वडिलांची एकसष्टी. सगळं फुकट. कुणी भीत भीत पैशांचं विचारलं तर वकिलांना राग यायचा.

"मी काय फोटोवाला आहे?" ते म्हणायचे. "आम्ही हौशी माणसं. पैशाला हात लावला की कला संपली."

हे ऐकून लोकांना त्यांचा आदर वाटायचा. लोकांना काय, फुकट मिळालं की आदर वाटतोच. पुढं डॉक्टरांनी कॅमेरा घेतला, शाळेतल्या एका मास्तरांनी घेतला, त्यांचं हौशी मंडळ झालं. सिद्धारामच्या दुकानात माणूस फिरकेनासा झाला. लग्नं गेली, मुंजी तर कधीच गेल्या होत्या. फक्त मेलेले उरले, कारण मेलेल्याच्या घरी फुकट जायची हौस कुणाला नसते. पण रोज कुणी मरत नाही आणि मेलेल्यांवर भाडं निघत नाही. स्टेशनाकडचा दुसरा फोटोवाला हुबळीला निघून गेला. सिद्धारामनं दुकान बंद केलं. कॅमेरा घ्यायला वकीलच आले. भाव पाडला नाही, मागितले तेवढे दिले, वर म्हणाले, "भिंग मात्र अव्वल आहे हो, सिद्धाराम. तुमच्याकडे वाया चाललं होतं." बोलून गेले, मनात काही नव्हतं. सिद्धाराम मिलमध्ये घडीखात्यात लागला. दिवसभर धोतरजोड्यांच्या घड्या.

आता मला कुणीतरी सांगावं, यात धंदेवाला कोण आणि हौशी कोण? ज्याच्या घरी तीन कॅमेरे, ज्याला गावातल्या प्रत्येक लग्नाला बोलावणं, ज्याचं नाव मुंबईच्या मासिकात, तो हौशी. आणि जो घड्या घालतो, तो फोटोवाला. पोटासाठी केलं की काम हलकं होतं आणि पोट भरल्यावर केलं की त्याची कला होते, हा न्याय कुठल्या कोर्टातला?

असो. वकील जेवत होते. रविवार होता. सिद्धाराम ओसरीत उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, पोरगी गेली माझी."

वकील भरल्या ताटावरून उठले. त्यांची बायको प्रभाताई म्हणाली, "अहो, दोन घास तरी..."

"अगं, उजेड जाईल," वकील म्हणाले आणि हात धुऊन कॅमेऱ्याच्या खोलीत गेले. माणूस वाईट नव्हता, हे मी सांगून ठेवतो. वाईट असता तर गोष्ट सोपी होती.

टांग्यात बसल्यावर सिद्धारामनं पायाशी ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या पेटीकडं पाहिलं. त्याचीच पेटी. कोपऱ्याचं कातडं उसवलेलं होतं, ते वकिलांनी नवं लावून घेतलं होतं.

"काचा किती घेतल्या, साहेब?"

"दोन आहेत. पुरतील."

"समोरून काढा. एवढंच मागणं हाय. तोंड पुरतं यायला पायजे, तिच्या आईचा हट्ट हाय. डोळे मी उघडतो मागनं काचेवर."

वकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळं नीट करू," ते म्हणाले.

घरात अंधार होता. डाव्या-उजव्या भिंती सारवलेल्या, छत ठेंगणं, गंगूच्या उजव्या हाताला एकच खिडकी. त्या खिडकीतून दुपारचा उजेड आत येत होता आणि गंगूच्या निम्म्या तोंडावर पडत होता. उरलेलं निम्मं काळोखात. वकील दारातच थांबले. त्यांनी हातातली पेटी खाली ठेवली आणि नुसते बघत राहिले.

"अरेरे," ते हळू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. पण पाणी आलं तरी ते बघत होते ते उजेडाकडं, आणि ते एकट्या सिद्धारामला कळलं, कारण तोही जन्मभर तसाच बघत आला होता.

"साहेब, अंगणात घेतली तर?"

स्वामींनी मान हलवली. "बसवलीय आता, सिद्धाराम. आता उठवायची ती न्यायलाच."

"मंग धोतर धरतो," सिद्धाराम म्हणाला. खुंटीवरचं पांढरं धोतर त्यानं ओढलं. "डाव्या अंगाला धरलं की खिडकीचा उजेड त्याच्यावरनं उलटून तोंडावर येतोय. मल्लप्पा, तू एक टोक धर."

"नको, नको," वकील लगबगीनं म्हणाले. "धोतर धरलंत तर सगळं सपाट होईल. तुमच्या दुकानातल्या फोटोसारखं. ही सावली बघा ना. काय सावली आहे!"

"साहेब, सावलीत तोंड जातंय."

"सिद्धाराम." वकिलांचा आवाज मऊ झाला. "आज तुम्ही बाप आहात. आज तुम्ही फोटोग्राफर नाही. बाजूला बसा. मला करू द्या."

सिद्धारामच्या हातातलं धोतर मल्लप्पानं काढून घेतलं आणि त्याला धरून उंबऱ्याशी बसवलं. सगळ्यांना वाटलं, बापाचं डोकं ठिकाणावर नाही आणि वकील किती समजूतदार.

त्या वेळी सिद्धारामनं ओरडायला पाहिजे होतं. तो ओरडला नाही. का नाही, ते समजून घ्या. पैसे मोजून आणलेला माणूस असता तर त्याची मान धरून सांगितलं असतं, असं काढ, तसं काढ, नाहीतर चालू लाग. सिद्धारामला स्वतःला लोकांनी असं हजारदा सुनावलं होतं. म्हाताऱ्याची पगडी सरळ कर, बाईची नथ दिसू दे, परत काढ. तो निमूट परत काढायचा. पण हा माणूस ताटावरून उठून आला होता. फुकट आला होता. उपकार करणाऱ्याला जाब विचारायला तोंड कुठून आणायचं?

वकिलांनी वेळ घेतला. मेलेलं माणूस हलत नाही, म्हणून घाई नसते. एक काच काढली. कॅमेरा जरा खिडकीकडं सरकवला, दुसरी काढली. दोन्ही तशाच.

"समोरून एक..." सिद्धाराम उंबऱ्यावरून म्हणाला.

"काचा संपल्या," वकील म्हणाले. नंतर नीलव्वापुढं हात जोडून उभे राहिले. "बाई, तुमची मुलगी मी अमर करून ठेवीन."

नीलव्वाला अमर म्हणजे काय ते कळलं नाही. तिनं विचारलं, "कवा मिळंल?"

दिवस मावळायच्या आत गंगूला नेलं.

पुढं सिद्धाराम मिल सुटल्यावर नव्या पेठेत खेपा घालायला लागला. वकील आदरानं खुर्ची देत. "घाई करू नका," म्हणत. "मी या एका काचेवर महिनाभर काम करतोय. असं काम माझ्या हातून पूर्वी झालं नाही आणि पुढं होईलसं वाटत नाही."

"साधा छापून द्या. नुसत्या कागदावर. न्हायतर काच द्या, मी बघतो."

"काच?" वकील हसले. "तुम्ही पेन्सिल चालवणार, डोळे उघडणार. सिद्धाराम, ही खोटी कामं पोटासाठी केलीत तेव्हा ठीक होतं. हिच्यावर नको."

ती पेन्सिल धरायला वकिलांना सिद्धारामनंच शिकवलं होतं. पण घडीखात्यातला माणूस वकिलाशी वाद घालत नाही. तो घरी यायचा. नीलव्वा दारात उभी असायची.

"दिला?"

"देतो म्हनले."

"त्यास्नी काय, रोजच्याला नवं तोंड घावतंय. मला हे एकच हुतं."

दसरा झाल्यावर हौशी मंडळाचं प्रदर्शन भरलं. वाचनालयाच्या वरच्या दिवाणखान्यात. दारावर पाटी होती की धंदेवाईक फोटोग्राफरांची चित्रं घेतली जाणार नाहीत. वकील स्वतः बाळीवेशीत येऊन आमंत्रण देऊन गेले. दोघांनाही या म्हणाले. नीलव्वानं पेटीतलं इरकल काढून नेसलं. पोरीला भेटायला जायचं होतं.

गंगूचा फोटो समोरच्या भिंतीवर मधोमध होता. चांगला हातभर उंच, तपकिरी रंगाचा, जाड चौकटीत. खाली नाव लिहिलेलं, 'चिरनिद्रा'. आणि चौकटीच्या कोपऱ्याला पदकाची फीत. फोटोपुढं गर्दी होती. डॉक्टर होते, मास्तर होते, सोनेरी चष्म्याच्या दोन बायका होत्या.

"सावली कशी वितळत गेलीय बघा," डॉक्टर सांगत होते. "हे धंदेवाल्याला सुचायचं नाही. त्याला सगळं दाखवायची घाई."

वकिलांनी दोघांना बघितलं आणि गर्दीला बाजूला केलं. "या, या. हे मुलीचे आईवडील."

बायकांनी च्‌च्‌ केलं. नीलव्वा पुढं झाली. फोटोच्या अगदी जवळ गेली. खूप वेळ बघत राहिली. मग तिनं बोट उचललं आणि चित्राच्या काळ्या बाजूवर ठेवलं.

"चित्राला हात नको हं, बाई," मास्तर म्हणाले.

"हितं काय हाय?" नीलव्वानं विचारलं.

"सावली आहे ती," वकील म्हणाले.

"सावली न्हवं. हितं माझी पोर हाय. डावा डोळा हाय. डावा कान हाय. गाल हाय. त्ये कुटं ठेवलं तुमी?"

"बाई, ते न दाखवता जास्त दिसतं. कलेमध्ये असं..."

"मला न्हाय दिसत."

एक सोनेरी चष्मेवाली हळूच म्हणाली, "अडाणी आहे बिचारी."

"व्हय, हाय अडाणी," नीलव्वा वळून म्हणाली. "तुमचं लेकरू गेल्यावर निम्मंच घेऊन बसा भिंतीला, मंग सांगा मला."

डॉक्टर खिडकीकडं गेले. वकिलांचं तोंड उतरलं. त्यांनी सिद्धारामला कोपऱ्यात घेतलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून हसत म्हणाले, "अहो, आता तुम्हीही आमच्यातलेच झालात. मिलमध्ये नोकरी, म्हणजे तुम्ही हौशीच की! पुढच्या वर्षी द्या एखादं चित्र. नियमात बसतं."

"कशानं काढू, साहेब?" सिद्धाराम म्हणाला.

वकिलांनी हळू आवाजात विचारलं, बाईंना काही द्यावं का, साडीचोळी वगैरे. ज्या माणसानं आयुष्यात फोटोचे पैसे घेतले नाहीत तो फोटोबद्दल पैसे द्यायला निघाला होता.

"काच द्या," सिद्धाराम म्हणाला.

"दोन्ही काचा मुंबईला गेल्या आहेत, मोठ्या प्रती छापायला. त्या प्रती कलकत्त्याच्या प्रदर्शनाला जातील. पण एक प्रत देतो. आत्ता देतो." त्यांनी टेबलाच्या खणातून एक लहान प्रत काढून दिली. "मला वाटलं होतं, तुम्हाला तरी कळेल."

सिद्धारामला कळलं होतं, आणि तेच वाईट होतं. फोटो चांगला होता. आपल्या हातून असा फोटो कधी झाला नाही आणि झाला नसता, हे तो चित्रापुढं उभं राहिल्या क्षणी ओळखून चुकला होता. हे तो नीलव्वाला कधी बोलला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी त्यानं कपड्यांच्या पेटीच्या तळातून पातं काढलं, पेन्सिली काढल्या, टोकं केली. दारात पाट टाकून बसला. मांडीवर प्रत घेतली. काच नाही तर कागद. कागदावरचं काळं पात्यानं हलकं खरवडायचं आणि खाली निघालेल्या पांढऱ्यावर पेन्सिलीनं तोंड उभं करायचं. जमतं ते. फाटायची भीती असते, पण जमतं.

नीलव्वा चुलीपुढनं उठून त्याच्याजवळ येऊन बसली. किती महिन्यांनी अशी जवळ बसली होती. तो खरवडत होता आणि काळोखातून गाल वर येत होता. तिचा श्वास त्याच्या दंडाला लागत होता.

"येतीया," ती पुटपुटली. "येतीया की हो."

मग त्यानं डोळे रेखायला घेतले. आधी उजवा, जो मिटलेला होता तो उघडला. मग डावा. हात कसा भराभर चालला. बुबुळ, त्यात उजेडाचा एक ठिपका, खालच्या पापणीला बारीक रेघ. विचार करावा लागला नाही. एवढी वर्षं चाललेला हात होता. संपल्यावर त्यानं फुंकर मारली आणि प्रत तिच्यापुढं धरली.

नीलव्वा बघत राहिली. तिच्या तोंडावरचा उजेड हळूहळू गेला.

"हे सारजाबाईच्या पोराचं डोळं हाईत," ती म्हणाली.

सारजाबाई म्हणजे मागच्या बोळातली. तिचा मुलगा कॉलऱ्यात गेला होता, त्याचा फोटो तिच्या भिंतीवर होता.

"काय बोलती?"

"आनि त्या वाण्याच्या म्हातारीचं बी हेच हाईत. मी बघितल्यात. समद्यांच्या घरात हेच डोळं हाईत."

सिद्धारामनं प्रत आपल्याकडं फिरवली. खरं होतं. गावातल्या एकूण एक मेलेल्याला त्यानं हेच डोळे दिले होते. लोकांना ते आपल्या माणसाचे वाटले, कारण लोकांना तसं वाटून घ्यायचं होतं. कुणी तक्रार केली नव्हती. पैसे दिले, फोटो नेला, भिंतीला लावला, हार घातला.

तो खोडायला लागला. परत काढला. परत तोच. डोळे मिटून गंगूला आठवायचा प्रयत्न केला. गंगू रोज दुकानात यायची. गिऱ्हाईक यायच्या आधी तो तिलाच खुर्चीवर बसवायचा आणि तिच्याकडं बघून भिंग जुळवायचा. शेकडो वेळा बसवली असेल. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर माणूस उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर. तशी ती उलटी दिसायची, आणि तो तिच्या पोलक्याचं बटण बघायचा. बटण रेखीव दिसलं की भिंग जुळलं. मग म्हणायचा, ऊठ, आता गिऱ्हाईक बसू दे. ती उठायची. फोटोची काच कॅमेऱ्यात घातली जायची ती गिऱ्हाईक बसल्यावरच.

बटण त्याला आठवत होतं. शिंपल्याचं, चार भोकांचं.

"नीले," तो म्हणाला. "डोळं कसं हुतं गं तिचं? तू सांग. तू सांगशील तसं काढतो. आनि त्यो डावा कान, तू तितं बोललीस त्यो. काय हुतं त्या कानाला?"

नीलव्वानं तोंड उघडलं. सांगणार होती ती. तिचा हात स्वतःच्या कानाकडं गेलाही होता. मग तिनं त्याच्या मांडीवरच्या कागदाकडं पाहिलं, पेन्सिलीकडं पाहिलं आणि हात खाली घेतला.

"न्हाय सांगत."

"का?"

"मला अजून दिसतीया ती. सांगितलं तर तुमी त्याच्यावरबी पेन्सिल फिरवाल."

ती उठून आत गेली. भाकरी थापायचा आवाज यायला लागला.

त्यानंतर नीलव्वा नवऱ्यापुढं गंगूचं नाव काढेनाशी झाली. भांडली नाही, रुसली नाही. वेळेवर जेवायला वाढायची, मिलचा डबा भरून द्यायची. पण पोरीबद्दल बोलायची ते नळावर, शेजारणींशी. गंगू अशी हसायची, गंगू असं म्हणायची. सिद्धाराम बोळात दिसला की बायका गप्प व्हायच्या आणि नीलव्वा घागर उचलायची.

म्हणून तो बोळात शिरेनासा झाला. मिल सुटल्यावर नळाच्या अलीकडं, वळणावरच्या भिंतीआड उभा राहायचा. बायकोला दिसणार नाही असा. तिथनं ऐकायचा. एकदा त्याला ऐकू आलं की गंगूला एक कानडी गाणं म्हणता येत होतं. ते त्याला माहीत नव्हतं. एकदा ऐकू आलं, ती कुत्र्याला भ्यायची. आणि एकदा नीलव्वा नळ बंद करून म्हणाली, "अगं, तिचं डोळं म्हंजी..." आणि त्यानं श्वास धरला, आणि नेमका दुसऱ्या मिलचा भोंगा झाला. लांबलचक. भोंगा थांबला तेव्हा बायका घागरी उचलून चालायला लागल्या होत्या.